‘आला’ की ‘आली’: संदिग्ध लिंगाच्या पात्रांविषयी चाहत्यांनी कसे बोलावे

मराठीतून या विषयावर बोलायला बसले की पहिली अडचण क्रियापदच उभी करते. जपानी वाक्यात कर्ता गाळला तरी चालते, तृतीयपुरुषी सर्वनाम क्वचितच लागते आणि क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही; त्यामुळे एखादा लेखक पात्राचे लिंग शेकडो पाने न सांगता, वाचकाला कुठेही न खटकता, कथा पुढे नेऊ शकतो. इंग्रजीत सर्वनामापाशी अडते, पण क्रियापद मोकळे राहते. प्रमाण मराठीत मात्र ‘आला’ की ‘आली’ हे ठरवल्याशिवाय पात्राला दारातून आतसुद्धा आणता येत नाही. मूळ कलाकृतीने ज्या बाबतीत जाणूनबुजून मौन पाळले आहे, त्या बाबतीत आपण पहिल्याच वाक्यात निकाल देऊन बसतो आणि पुढची सगळी चर्चा त्या निकालावर रचली जाते.

हे मार्गदर्शन मांगा (जपानी चित्रकथा), ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) आणि व्हिडिओ गेम यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या गटांसाठी आहे. अशा गटांत ‘हे पात्र मुलगा आहे की मुलगी?’ हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘म्हणजे ते ट्रान्स आहे का?’ असा दुसरा प्रश्न येतो. दोन्ही जोडीने येत असल्यामुळे ते एकच आहेत असा समज होतो, पण तसे ते नाहीत. पहिला प्रश्न कथनाचा आहे: लेखकाने काय सांगितले, काय राखून ठेवले आणि कशासाठी. दुसरा प्रश्न स्वतःच्या ओळखीचा आहे, आणि तो कागदावरच्या पात्राइतकाच आपल्यामध्ये बसलेल्या माणसांनाही लागू होतो. चर्चेत होणारी बहुतेक दुखापत हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे होते, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

आधी शब्द नीट लावावेत

जन्माच्या वेळी शरीर पाहून कागदावर लिहिले जाते ते जन्मनोंदीचे लिंग. आपण स्वतःला आतून कोण म्हणून ओळखतो, म्हणजे पुरुष, स्त्री, दोन्ही, की यांपैकी काहीच नाही, ती लिंगओळख. कपडे, केस, चालणे-बोलणे यांतून जगाला जे दिसते ती लिंगभावाची अभिव्यक्ती, आणि कोणाविषयी आकर्षण वाटते तो लैंगिक कल. यांपैकी एकीवरून दुसरी ओळखता येत नाही. फ्रॉक घालणारा मुलगा हा मुलगाच असू शकतो, आखूड केसांची आणि रांगड्या बोलीची मुलगी ही मुलगीच असू शकते, आणि पारलिंगी व्यक्तीचा लैंगिक कल इतर कोणाच्याही कलाइतकाच वेगवेगळा असू शकतो.

ज्या व्यक्तीची लिंगओळख जन्मनोंदीशी जुळत नाही ती पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर; जिची जुळते तिच्यासाठी सिसजेंडर हा शब्द वापरतात. जन्माच्या वेळी मुलगा अशी नोंद झाली, पण जी स्त्री आहे, ती पारलिंगी स्त्री. या बाबतीत उलटसुलट फार होते, म्हणून एवढे ध्यानात ठेवावे की ‘पारलिंगी’नंतर येणारा शब्द त्या व्यक्तीची आजची ओळख सांगतो. जी व्यक्ती स्त्री किंवा पुरुष या दोन चौकटींपैकी कोणत्याही एकीत पूर्णपणे मावत नाही ती नॉन-बायनरी. आंतरलिंगी हा शब्द मात्र शरीराविषयी आहे: जन्मतःच ज्यांची शारीरिक लैंगिक वैशिष्ट्ये स्त्री-पुरुष अशा ठरावीक साच्यात बसत नाहीत त्यांच्यासाठी तो आहे, आणि तो पारलिंगी या शब्दाच्या जागी वापरणे चूक आहे.

चाहत्यांच्या गप्पांत एक स्पष्टीकरण नेहमी ऐकू येते: लहानपणी काहीतरी धक्का बसला असणार, म्हणून हे पात्र स्वतःला मुलगी समजते. कथेत तसे खरोखर लिहिले असेल तर प्रश्न नाही. पण आपल्या मनाने ते जोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत लिंगओळख जन्मनोंदीशी न जुळण्याची नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली. ही आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याचप्रमाणे शस्त्रक्रिया झाली की नाही, यावरून कोणी पारलिंगी आहे की नाही हे ठरत नाही. जुन्या मांगांत शस्त्रक्रियेला सीमारेषेचे महत्त्व दिलेले दिसले, तर जपानचा कायदा आठवावा: तिथे २००३ च्या कायद्यानुसार अधिकृत लिंगनोंद बदलून घेण्यासाठी प्रजननक्षमता उरलेली नसण्याची अट होती, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.

संदिग्धता कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे

‘लिंग संदिग्ध आहे’ एवढे म्हणून थांबले की चर्चा तिथेच अडकते, कारण संदिग्धतेचे प्रकार एकमेकांहून फार वेगळे आहेत आणि प्रत्येकाला विचारण्याचा प्रश्न निराळा आहे.

सगळ्यांत जुना प्रकार वेषांतराचा. ओसामु तेझुका यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या ‘रिबोन नो किशी’ या मांगामधील सफायर ही राजकन्या सिंहासनासाठी राजपुत्र म्हणून वावरते. रियोको इकेदा यांच्या १९७२ च्या ‘बेरुसायु नो बारा’मधील ऑस्करला वडिलांनी मुलासारखे वाढवून सैन्यात घातले, पण ऑस्कर स्त्री आहे हे लपवलेले नाही. अशा पात्रांबाबत विचारावे ते असे: पुरुषाचा वेष ही परिस्थितीने लादलेली गरज आहे, की गरज संपल्यावरही पात्राला तो वेष आपला वाटतो? गरजेपुरता वेष बदलणारे पात्र पारलिंगी ठरत नाही. मात्र प्रकरण इतके सरळ नेहमीच नसते. सफायरला जन्मतः मुलाचे आणि मुलीचे अशी दोन हृदये मिळालेली आहेत, आणि तिच्यातील कोणती ओढ कोणत्या हृदयाची हा प्रश्न तेझुकांनी कथेतच पेरून ठेवला आहे.

दुसऱ्या प्रकारात त्या जगातच लिंग नाही. हारुको इचिकावा यांची ‘होउसेकी नो कुनी’ ही २०१२ ते २०२४ या काळात चाललेली मांगा याचे उत्तम उदाहरण आहे. तिथली पात्रे, मुख्य पात्र फॉससह, सजीव रत्ने आहेत. त्यांना लिंग नाही. त्यांच्या कंबरा बारीक आहेत म्हणून त्यांना ‘मुली’ म्हणणे किंवा बोलणे थेट आहे म्हणून ‘मुलगे’ म्हणणे, दोन्ही कलाकृतीने दिलेल्या माहितीच्या विरुद्ध जाते. तसेच त्यांना घाईघाईने नॉन-बायनरी म्हणण्यापूर्वीही जरा थांबावे. नॉन-बायनरी माणसे स्त्री-पुरुष अशी विभागणी असलेल्या जगात राहून त्या विभागणीत बसत नाहीत. रत्नांच्या जगात ती विभागणीच नाही. नॉन-बायनरी वाचकांना ही रत्ने जवळची वाटतात, आणि त्यामागे सबळ कारण आहे, पण जवळीक वाटणे आणि तंतोतंत तेच असणे यांत अंतर ठेवले तर दोन्हींचा मान राहतो.

तिसरा प्रकार लेखकाच्या मौनाचा. ‘शिंगेकी नो क्योजिन’, म्हणजे ‘अटॅक ऑन टायटन’मधील हांगे झोए हे पात्र त्या जगात स्त्री-पुरुष असे भेद असूनही मांगात लिंगनिर्देशाशिवाय राहते. लेखकाच्या इच्छेनुसार हांगेसाठी लिंगदर्शक सर्वनाम टाळत असल्याचे इंग्रजी प्रकाशकाने जाहीरपणे सांगितले होते, तर ॲनिमेने हांगेला स्त्री म्हणून रंगवले. म्हणजे ‘हांगे स्त्री आहे’ हे ॲनिमेपुरते बरोबर आणि मांगापुरते अपुरे आहे. असे वाद तासभर चालतात आणि शेवटी लक्षात येते की एक जण पडद्याविषयी बोलत होता आणि दुसरा छापील पानाविषयी. म्हणून चर्चेच्या सुरुवातीलाच आपण कोणत्या रूपाविषयी बोलतो आहोत ते सांगावे.

चौथा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो: पात्र स्वतःच वाटेत असते. ‘गिल्टी गिअर’ या गेममालिकेतील ब्रिजेट २००२ मध्ये पहिल्यांदा आली. एकाच लिंगाची जुळी जन्मणे अशुभ मानणाऱ्या गावात जुळ्या मुलग्यांपैकी एक म्हणून जन्मल्यामुळे तिला मुलगी म्हणून वाढवले गेले होते, आणि आपण पुरुष आहोत हे सिद्ध करून गावाची समजूत खोटी पाडण्याचा तिचा प्रयत्न होता. तब्बल वीस वर्षे चाहत्यांमध्ये हे पात्र ‘मुलीसारखा दिसणारा मुलगा’ म्हणून ओळखले जाई. २०२१ च्या ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’मध्ये २०२२ साली तिची भर पडली, तेव्हा तिच्या कथेत ती आपण मुलगी आहोत असे स्वतःच्या तोंडाने सांगते. कथेचे शेवट एकाहून अधिक असल्यामुळे वाद पेटला, तेव्हा ब्रिजेट स्वतःला स्त्री मानते, असा खुलासा निर्मात्यांनी त्याच वर्षी केला.

ब्रिजेटचे उदाहरण दोन्ही बाजूंच्या घाईला आवर घालते. ‘मुलगी म्हणून वाढवले म्हणून ती मुलगी झाली’ हे चूक आहे, कारण सक्तीने मिळालेल्या भूमिकेविरुद्ध तिने बंड केले होते, आणि पुढे जे निवडले ते स्वतः निवडले. त्याच वेळी ‘२००२ पासून ती पारलिंगीच होती आणि कोणाला कळले नाही’ असे म्हणून जुन्या चाहत्यांना दोष देणेही रास्त नाही. तेव्हाच्या गेममध्ये तसे नव्हते. पण २०२२ नंतरही अट्टहासाने ‘तो’ म्हणत राहणे याला संदिग्धतेचा आधार उरलेला नाही.

पाचव्या प्रकारात पात्राचे लिंग वाचकाला संदिग्ध वाटते, कारण कथेतली माणसेच त्याबद्दल भांडत असतात. ‘हंटर × हंटर’मधील अलुकाला किलुआ बहीण मानतो, घरातले इतर तिचा उल्लेख मुलगा म्हणून करतात आणि तिला माणूस म्हणूनही वागवत नाहीत. अशा ठिकाणी मते मोजू नयेत. कोण कोणता शब्द वापरतो आणि त्याचा त्या पात्राशी संबंध काय, हे पाहावे. जो भाऊ तिला कोठडीतून बाहेर काढतो तो ‘ती’ म्हणतो, जे तिला कोंडून ठेवतात ते म्हणत नाहीत, आणि लेखकाला काय दाखवायचे आहे ते यातच आहे.

पुरावा म्हणून काय धरावे आणि काय धरू नये

आवाज हा पुरावा नव्हे. जपानी ॲनिमेत मुलग्यांना स्त्रियांनी आवाज देण्याची जुनी आणि सर्वमान्य पद्धत आहे: गोकूला मासाको नोझावा, लुफीला मायुमी तानाका आणि नारुतोला जुन्को ताकेउची यांचा आवाज आहे, आणि या तिघांच्या लिंगाविषयी कोणाला शंका नाही. चेहऱ्याची ठेवण, पापण्यांची लांबी, खांद्यांची रुंदी यांचेही तेच. ती चित्रकाराची शैली असते.

जपानी प्रथमपुरुषी सर्वनामांना थोडे अधिक वजन द्यावे, पण बेतानेच. ‘ओरे’ हे रांगडे पुरुषी, ‘बोकु’ हे बहुधा मुलग्यांचे आणि जरा सौम्य, ‘आताशी’ बायकी, तर ‘वाताशी’ औपचारिक प्रसंगी कोणाचेही. तरी स्वतःला ‘बोकु’ म्हणणाऱ्या मुली मांगांत सर्रास आढळतात आणि गायिकांच्या गाण्यांतही ‘बोकु’ ऐकू येते. सर्वनामावरून स्वभाव कळतो, वय कळते, कधी पात्राने घेतलेला पवित्रा कळतो. लिंग मात्र खात्रीने कळत नाही.

भाषांतराला पुरावा मानताना तर फार जपावे. ‘सोल ईटर’मधील क्रोनाचे लिंग मूळ मांगात अनिर्णित आहे, पण ॲनिमेच्या इंग्रजी आवाजपटात (डबमध्ये) क्रोनासाठी पुल्लिंगी सर्वनाम आले. ज्यांनी तो आवाजपट आधी पाहिला त्यांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. यात कोणाची लबाडी नाही. भाषांतरकाराला भाषेने कोंडीत पकडले की काहीतरी निवडावे लागते. आपण मराठीतून सारांश लिहितो तेव्हा आपणही भाषांतरकारच असतो.

सगळ्यांत जास्त वजन पात्राच्या स्वतःबद्दलच्या शब्दांना द्यावे, विशेषतः ते शब्द दडपणाखाली, थट्टेत किंवा वेषांतरात बोललेले नसतील तेव्हा. त्यानंतर कथेची एकूण मांडणी आणि मग निर्मात्याची विधाने. ही विधाने केव्हा आणि कोणत्या माध्यमातून केली तेही नोंदवावे, कारण निर्मात्यांची मतेही काळानुसार बदलतात.

मराठी वाक्य कसे लिहावे

आता सुरुवातीच्या अडचणीकडे येऊ. लिंग न सांगता मराठी लिहिणे अशक्य आहे असे अनेकांना वाटते, आणि ते खरे नाही. आपल्या भाषेत त्याच्या कितीतरी वाटा आहेत. फक्त त्या जाणीवपूर्वक वापरायची सवय नसते.

सर्वांत कामाची वाट कर्मणी आणि भावे प्रयोगाची. सकर्मक क्रियापद भूतकाळात बहुधा कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे ‘हांगेने दार उघडले’, ‘क्रोनाने तलवार उचलली’ या वाक्यांत कर्त्याचे लिंग कुठेही येत नाही. ‘हांगे तंबूत आला आणि हसला’ असे लिहिण्याऐवजी ‘हांगेने तंबूत पाऊल टाकले आणि हांगेला हसू आवरेना’ असे लिहावे. वाक्य बिघडत नाही, उलट थोडे अधिक जिवंत होते. ‘-ला’ प्रत्ययाचा कर्ता घेणारी वाक्येही अशीच उपयोगी पडतात: क्रोनाला भीती वाटते, फॉसला काम हवे आहे, हांगेला जायचे आहे.

दुसरी वाट काळाची. भविष्यकाळात ‘येईल’, ‘करील’ ही रूपे सर्वांना सारखीच. ‘येणार आहे’ हेही तसेच. रीतिभूतकाळ आता बोलण्यात मागे पडला असला तरी लेखनात तो अजून शोभतो: ‘क्रोना कोपऱ्यात बसे आणि कोणी जवळ आले की अंग चोरून घेई.’ तिसरी वाट आदरार्थी विभक्तिरूपांची. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपे स्त्री-पुरुष दोघांना चालतात. ‘ते’ आणि ‘त्या’ मात्र लिंग उघड करतात, म्हणून प्रथमेच्या जागी नाव पुन्हा घ्यावे. नावाची पुनरुक्ती दोन-तीनदा झाली तरी बिघडत नाही.

नामे आणि विशेषणे निवडतानाही लक्ष असावे. ‘पात्र’ हा शब्द नपुंसकलिंगी आणि ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी असला तरी दोन्ही कोणासाठीही चालतात. ‘ती व्यक्ती आली’ या वाक्यावरून आलेला माणूस स्त्री आहे असे कोणी समजत नाही. भाऊ-बहीण टाळायचे असेल तेव्हा ‘भावंड’, मुलगा-मुलगी टाळायचे असेल तेव्हा ‘मूल’ किंवा ‘अपत्य’, मित्र-मैत्रीण टाळायचे असेल तेव्हा ‘सोबती’ हे शब्द हाताशी आहेत. ‘वेडा-वेडी’सारख्या विकारी विशेषणांऐवजी ‘हुशार’, ‘धाडसी’, ‘निर्भय’, ‘बेफिकीर’ अशी न बदलणारी विशेषणे घ्यावीत.

एकवचनी नपुंसकलिंग, म्हणजे ‘ते आलं, ते बसलं’, प्रौढ पात्रासाठी सरसकट वापरू नये, असे माझे मत आहे. लहान मुलासाठी ते प्रेमळ वाटते, पण मोठ्या माणसाला लावले की त्याला वस्तू केल्यासारखे ऐकू येते; आणि पारलिंगी माणसांना हिणवण्यासाठी हेच रूप वापरले जाते, हे विसरता येत नाही. एखादी जिवंत व्यक्ती स्वतःसाठी ते रूप निवडत असेल तर अर्थातच तिचा शब्द अखेरचा.

हा सगळा खटाटोप लिंग खरोखर अनिर्णित असलेल्या पात्रांसाठी आहे. ब्रिजेटविषयी लिहिताना सर्व वाक्ये लिंगनिरपेक्ष करणे म्हणजे तिने दिलेले उत्तर ऐकले नसल्यासारखे करणे होय. तिथे सरळ ‘ती’ लिहावे.

कोणते शब्द टाळावेत

ॲनिमेच्या चाहत्यांमध्ये मुलीसारख्या दिसणाऱ्या मुलग्यांना ‘ट्रॅप’ म्हणण्याची पद्धत बरीच वर्षे रूढ होती. अनेक जण तो शब्द द्वेषाने वापरत नसत, हेही खरे. पण त्या शब्दाच्या पोटात आरोप आहे: समोरचा माणूस सापळा लावून बसला आहे, त्याचे दिसणे ही फसवणूक आहे. पारलिंगी स्त्रियांवर हल्ला करणाऱ्यांनी ‘आम्ही फसवले गेलो’ हाच बचाव न्यायालयांत मांडलेला आहे. काल्पनिक पात्रांसाठी रुळलेला शब्द खऱ्या माणसांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, म्हणून तो सोडून द्यावा. ‘मुलीचा वेष करणारा मुलगा’ एवढे म्हटले तरी सांगायचे ते सांगून होते.

‘खरे लिंग’ आणि ‘शेवटी मुलगाच ना’ या शब्दप्रयोगांचेही असेच. त्यांत देह खरा आणि माणसाचे स्वतःविषयीचे सांगणे खोटे, असे आधीच ठरवून टाकलेले असते. देहाचा उल्लेख कथेच्या दृष्टीने आवश्यकच असेल तर ‘जन्मनोंदीचे लिंग’ म्हणावे. पात्राने नाव बदलले असेल तर नवे नाव वापरावे. आणि चर्चा पात्रापुरती ठेवावी: आवाज देणारे कलाकार, टोपणनावाने लिहिणारे चित्रकार किंवा गटातील सदस्य यांच्या लिंगओळखीविषयी तर्क करू नयेत.

स्वतःचे वाचन मांडताना

‘हे पात्र पारलिंगी आहे’ आणि ‘मी हे पात्र पारलिंगी म्हणून वाचते आहे’ या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. पहिले कलाकृतीविषयी विधान आहे आणि त्याला पुरावा लागतो. दुसरे वाचनाविषयी आहे. त्याला पुराव्याची सक्ती नसते, मात्र ते नेमक्या कोणत्या प्रसंगातून उगवले ते सांगितले तर इतरांनाही त्यातून काही मिळते. पारलिंगी वाचक पुष्कळदा संदिग्ध पात्रांत स्वतःला शोधतात, कारण उघडपणे त्यांच्यासारखी असलेली पात्रे फार थोडी आहेत. अशा वेळी ‘पण लेखकाने तसे म्हटलेले नाही’ हे उत्तर वस्तुस्थिती म्हणून बरोबर असले तरी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठरते. त्यापेक्षा ‘तुला कोणत्या पानावर तसे वाटले?’ असे विचारावे. उलट बाजूने, आपल्याला भावलेले वाचन इतरांनी स्वीकारलेच पाहिजे असा आग्रहही धरू नये. हांगेला स्त्री म्हणून वाचणारा माणूस तेवढ्यावरून पारलिंगी लोकांचा विरोधक ठरत नाही.

गटात कोणी पारलिंगी आहे की नाही हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते, आणि ते विचारायचेही नसते. आमच्या वाचनगटात ब्रिजेटवर बोलणे चालू असताना एकाने सहज म्हटले, ‘काहीही म्हणा, शेवटी मुलगाच ना तो.’ दोघे-तिघे हसले. आमच्यापैकी एक जण, जी व्यक्ती एरवी सर्वांत जास्त बोले, थोड्या वेळाने काम आहे म्हणून निघून गेली. पुढचे काही आठवडे ती जागा रिकामी राहिली. मग एक दिवस निरोप आला: ‘मी त्या दिवशी न सांगताच उठून गेले, माफ करा.’ आम्ही तिला दोन वर्षे ओळखत होतो आणि इतके दिवस तिने ‘गेलो’, ‘आलो’ असेच लिहिले होते. बदल एका कान्याचा होता.

त्या निरोपाला काय उत्तर द्यावे यावर आमच्यात बराच खल झाला. कोणी लांबलचक अभिनंदन लिहायला घेतले, कोणाला कधीपासून असे वाटते ते विचारायचे होते. अखेर ज्याने ते वाक्य उच्चारले होते त्यानेच लिहिले: ‘त्या दिवशी मी चुकीचे बोललो. शनिवारी येतेस ना?’

अशा प्रसंगी याहून जास्त काही लागत नाही, असे मला वाटते. चूक मान्य करावी, ती कशी झाली याचे लांबण लावू नये, आणि पुढच्या वाक्यात योग्य रूप वापरून मोकळे व्हावे. नव्याने सांगितलेले रूप वापरताना सुरुवातीला जीभ अडखळते. तसे झाले तर त्याच वाक्यात दुरुस्त करून पुढे जावे. वारंवार क्षमा मागितली की समोरच्यालाच आपले सांत्वन करावे लागते. तिने आपल्याला जे सांगितले ते तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या गटात नेऊ नये. आणि प्रत्येक पारलिंगी पात्र आले की मतासाठी तिच्याकडे वळून पाहू नये. ती चाहती म्हणून आलेली असते.

शनिवारी ती आली. विषय होता फॉस, ‘होउसेकी नो कुनी’मधले साडेतीन कठीणतेचे ठिसूळ रत्न, ज्याचे आधी पाय जातात, मग हात आणि पुढे मस्तकही, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच पदार्थाचा अवयव बसवला जातो. एवढे सगळे बदलल्यावर उरते ते फॉसच का, असे कोणीतरी विचारले. तिने पिशवीतून स्वतःचा खंड काढला, खुणेचा कागद घातलेले पान उघडले आणि म्हणाली, ‘थांबा, मला आधी हातांविषयी बोलायचे आहे.’